उलटा सहा

आधी नुसती अफवा होती. मग कुंपण आलं.
मग टायरच्या दुकानाशेजारी, मोकळ्या जागेत,
दोन पामची झाडं उभी राहिली.
आयडाहोत. पाम.
लॅव्हॉन म्हणाली, जानेवारी येऊ दे, मग बघू.

बटाट्याच्या लॅबमध्ये आम्ही शेजारी बसतो,
गोदामातल्या बटाट्यांची साखर मोजतो.
साखर वाढली की फ्राइज काळ्या पडतात,
एवढ्या एका शास्त्रावर माझं पोट चालतं.
त्या आठवड्यात कुणी धड काही मोजलं नाही.
ज्याच्या त्याच्या तोंडी पेलिकन बर्गर, कॅलिफोर्नियाचा.
"घरांचे भाव वाढवून झाले, आता हे," ग्रँट म्हणाला,
"बाहेरचे येतात आणि..."
माझ्याकडे बघून थांबला.
"तुला नाही गं. तू आमचीच."
मी पिपेट धूत होते.
धुतलेली पुन्हा धुतली.

उद्घाटनाच्या आदल्या रात्री लोक गाड्यांत झोपले.
रांग टायरच्या दुकानाला वळसा घालून,
दातांच्या दवाखान्यावरून
थेट चर्चच्या पार्किंगमध्ये.
एल्कोहून एक जोडपं दोन तास गाडी हाकत आलं,
लग्नाचा तिसावा वाढदिवस साजरा करायला.

व्हर्न ऑलरेडच्या ड्राइव्ह-इनमध्ये दुपारी मी एकटी.
माझं नेहमीचंच: बर्गर, पण मांस नको,
कांदा जास्त, मिरची जास्त, गुलाबी सॉस वेगळा.
सात वर्षांपूर्वी पहिल्यांदा मागितलं
तेव्हा त्यानं विचारलं होतं, "मग उरतं काय?"
आता मेनूवरच आहे ते:
उरलेलं, चार डॉलर.

त्याला धीर द्यायला बोलून गेले,
आमच्यात म्हणतात, नव्याचे नऊ दिवस.
इंग्रजीत सांगताना त्याची पार रया गेली,
फ्रिजमधली भाकरी जशी.
पण व्हर्नला आकडा आवडला.
"नऊ? नक्की?"
म्हणीला कुणी नक्की विचारतं का!
मी म्हटलं, नक्की.

दुसऱ्या दिवशी त्याच्या रस्त्यावरच्या पाटीवरून
मिल्कशेक गेला होता. नुसतं 'नऊ दिवस'.
नऊचा आकडा नव्हता त्याच्याकडे,
सहाच उलटा लावला होता.
मग आठ. मग सात.
गावात चर्चा: म्हातारा दुकान विकतोय.
नाही, गुडघ्याचं ऑपरेशन आहे.
अमाया उरिझारची सासू म्हणाली, जगाचा शेवट,
आणि तयारी म्हणून उधारी फेडून गेली.
चौथ्या दिवशी व्हर्न शिडीवर चढला
आणि सहा सरळ केला.

त्याच रात्री, खरं सांगते, मीही त्या रांगेत होते.
कुतूहल, दुसरं काय. गाडीचे दिवे बंद करून.
पुढे दोन गाड्या सोडून हिरवा जुना पिकअप,
आत टोपी नाकापर्यंत ओढलेला माणूस.
पामखालच्या दिव्यात त्यानं एक फ्राय उचलली,
प्रकाशासमोर धरली,
मी काचेची नळी धरते तशी.

सकाळी माझ्या टेबलावर कागदी पिशवी.
तेलाचे डाग, वर पेन्सिलीनं:
साखर बघ. व्ही.

बघायची गरज नव्हती.
पेलिकनला जाणारा माल फेब्रुवारीतच
माझ्या हाताखालून गेला होता.
बर्लीचं गोदाम, व्हर्नच्या मेहुण्याचं शेत.
कॅलिफोर्नियात जाऊन, कापला जाऊन, गोठून
परत घरी आलेला बटाटा.

"खराब आहेत ना?" त्यानं दुपारी विचारलं.
मी म्हटलं, "गार झाल्यात."
त्याला तेवढं पुरलं असावं.
तवा खरवडत राहिला.

दहाव्या दिवशी रांग टायरच्या दुकानापर्यंतच होती,
पण होती.
मी मान खाली घालून गेले, म्हणीसकट.
व्हर्न काही बोलला नाही.
पाटीवर सहा तसाच होता, सरळ,
फक्त आता पुढे डॉलर:
उरलेलं, सहा डॉलर.

माझ्याकडून चारच घेतले.