धुण्याची वही
(फिलाडेल्फिया, १७८७)

मी केझाया ट्रिंबल. तुरुंगाच्या मागल्या अंगाला
माझी दोन घंगाळं, एक विहीर आणि दोऱ्या.
अक्षरं येत नाहीत मला, आकडे येतात.
वहीत मी माणसाचं चित्र काढते, नाक, टोपी, काठी,
आणि पुढे मांडते : सदरे सात, मोजे चार जोड, गळपट्टे नऊ.

या उन्हाळ्यात शहरात पाहुणे उतरलेत बारा राज्यांचे.
सभागृहाच्या खिडक्या बंद. दारात पहारा.
बाहेरच्या दगडी रस्त्यावर माती पसरलीय,
गाड्यांचा खडखडाट आतल्या शब्दांना लागू नये म्हणून.
आत काय शिजतंय, कुणी सांगत नाही,
बायकोला पत्रातूनही नाही.
पण सदरे माझ्याकडे येतात.
सदऱ्यांना शपथ घातली नव्हती कुणी.

काखेत घाम पिवळा पडलेला : दिवसभर नुसतं ऐकणं झालं.
बाहीवर शाईचे शिंतोडे : कलमं लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली.
जुलैच्या मध्यात एका गृहस्थाची बटणं तुटून आली.
थोरली राज्यं, धाकटी राज्यं,
दारावरच्या पोऱ्यानं एवढंच ऐकलं,
आणि खुर्ची आपटल्याचा आवाज.

माझा एनॉक जर्मनटाउनच्या धुक्यात पडला.
त्या सकाळी आपलेच आपल्यांवर बार काढत होते,
हे मागाहून कळलं.
त्याच्या पगाराचे कागद माझ्याकडे आहेत,
देखणे छापलेले, कवडीमोल.
काही चुलीला लावले, काही खिडकीच्या फटीत कोंबले.
राजा गेला म्हणतात. गेला असेल.
साबण तेवढा महाग झालाय.

तुरुंगाच्या गजांतून लांब काठ्या बाहेर येतात,
टोकाला टोपी. घाला हो काही, मायबाप!
त्यातला एक एनॉकच्या तुकडीतला. कर्जापायी आत आहे.
सभेला जाणारे मायबाप टोपीखालून वाकून जातात.
नाणं पडलं नाही की वरून शिव्या पडतात,
त्याही आता स्वतंत्र देशाच्या.

दक्षिणेकडच्या एका सद्गृहस्थाबरोबर कफी आला.
त्याच्याकडे सदरा एकच.
मी धुवायची तोवर तो उघड्या पाठीनं
घंगाळाशी उकिडवा बसून राही.
पाठीकडे मी बघत नसे. बघितलं होतं एकदा.
पाण्यात नीळ सोडली तेव्हा म्हणाला,
"ही आमच्याकडची. आई कुंडात उतरून ढवळायची.
गुडघ्यापर्यंत निळे पाय घेऊनच पुरली तिला."
मग मी त्या दिवशी नीळ जरा कमी घातली.
का, ते मलाही सांगता येणार नाही.

सप्टेंबरात कागद छापून आला.
पोऱ्यानं पायरीवर बसून वाचला.
पहिलीच अक्षरं सगळ्यांत मोठी : आम्ही लोक.
"लोक म्हणजे किती रे?" मी विचारलं.
त्यानं बोट खाली खाली नेलं.
मोजदाद होती पुढे : मोकळी माणसं पुरी धरायची,
आणि बाकीच्यांतली पाचाला तीन.

पुन्हा वाच म्हटलं. त्यानं पुन्हा वाचलं. तेच निघालं.

मी वही उघडली. कफीचं चित्र, पुढे सदरा एक.
पाचातले तीन भाग म्हणजे काय धुवायचं?
पाठ, एक बाही आणि अर्धा गळा?
कुणाला विचारावं म्हणून रस्त्यावर आले,
तर फावड्यांनी माती उचलायला सुरुवात झालेली,
आणि चाकांचा आवाज पहिल्यासारखा दणाणत होता.

पाहुणे निघाले. एकाचे अकरा पेन्स बुडाले.
चांगले कपडे होते त्याचे, लिनन, इस्त्रीला सोपे.

कफीचा सदरा दोरीवर ठिबकत होता.
वाळेपर्यंत थांब म्हटलं. पण गाडी जुंपली होती.
ओलाच चढवला त्यानं, बटणं चालता चालता लावली,
आणि मागच्या फळीवर चढून बसला.
कोपऱ्यापर्यंत दिसत होती ती पाठ,
कापड चिकटलेली, जरा निळसर.