चेकिंग टेबल

रात्री अडीचला नळ सूं करतो.
आधी नुसती हवा,
मग खाकरल्यासारखं काहीतरी, मग पाणी.
पाचव्या दिवसाचं पाणी.
आख्खं विडी घरकुल जागं होतं.
मी आधीच जागी.
झोप होते तशी. झोप होते, मी होत नाही.
निजले होते तीच बाई उठते,
हाडांत कुणी रात्रपाळीचा माग चालवून गेल्यासारखी.

दोन ड्रम, सहा घागरी.
हिशोब कालच करून ठेवलाय:
पाणी भरायचं तर सकाळची भाकरी नाही,
भाकरी केली तर केस नाही धुवायचे,
केस धुतले
तर गुरुवार गेला.
गड्ड्याच्या जत्रेत तासभर हसले होते,
त्याचे चार दिवस फेडले.

बावीस वर्षं अक्कलकोट रोडला
मी चेकिंग टेबलापाशी उभी होते.
टॉवेल ट्यूबलाइटसमोर धरायचा:
तुटका धागा, तेलाचा डाग, सुटलेली किनार,
दिसलं की बाजूला. सेकंड.
सेकंड माल किलोवर जातो.
शेठ म्हणायचे, गाजूलबाई,
तुमच्या डोळ्यात भिंग बसवलंय.

डॉक्टरांनी माझाही फोटो तसाच उजेडावर धरला.
मणका पाहिला, खांदा पाहिला,
रक्त तीनदा नेलं.
दोष नाही, म्हणाले.
खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं मला.
फर्स्ट क्वालिटी. घडी घाला, पॅक करा.

चौथ्या डॉक्टरीणबाईंनी उजेड नाही, अंगठा वापरला.
मानेखाली, खुब्यावर, कोपराच्या आत, गुडघ्याच्या आत,
दाबत गेल्या
आणि माझ्या तोंडाकडे बघत गेल्या.
मग कागदावर एक लांबलचक नाव लिहिलं.
अंबादास ते अक्षर-अक्षर लावत घरापर्यंत आले.
"फायबर. म्हणजे धागाच की," म्हणाले
आणि गप्प झाले.
ताण जास्त दिला की धाग्याचं काय होतं,
ते त्यांना कुणी सांगायला नको.

सासू नोप्पी म्हणते,
शेजारची इराव्वा नोवू म्हणते, मी ठणका.
तो तिन्ही नावांना ओ देतो,
दुपारी चारला येऊन डाव्या खांद्यावर बसतो.
"दिसालीस तर चांगली की," इराव्वा म्हणते,
विड्या वळता वळता, मान वर न करता.
दिसते की.
मी तरी जन्मभर दुसरं काय तपासलं?

चादरीच्या गावात मला चादर सोसत नाही.
पाहुण्यांना जोडीनं देतो, मोराच्या नक्षीची,
मी आईचं विरलेलं लुगडं घेते.
काही रात्री तेही
गुडघ्यावर कुणी पाटा ठेवल्यासारखं.
मेमध्ये गाव उघडं झोपतं तेव्हा
मी सगळ्यांसारखी होते, दीड महिना.

तिसऱ्या घागरीला हात नाही म्हणाला.
दुखला नाही, नुसता नाही म्हणाला,
संपावर गेलेल्या कामगारासारखा, गेटबाहेर बसून.
मी ड्रमच्या झाकणावर टेकले.
पाणी ओट्यावरून गटारीकडे चाललेलं,
आणि पाच दिवसांचं पाणी वाया जाताना बघूनही
मला उठता येईना.
इराव्वा आली. तिच्या हातांना तंबाखूचा वास.
माझी पाइप ओढली, माझ्याच ड्रमात सोडली,
एक शब्द न बोलता.
उद्या परत म्हणेल, दिसालीस तर चांगली.
म्हणू दे.

सकाळी भाकरी नव्हती. डब्यातली कडक होती.
ती मोडायला मनगट लागतं.
सासूला दात नाहीत,
ती आपली चुरून दुधात भिजवते रोज,
वर शेंगाचटणी, चमच्यानं दाबून.
आज तिनं दोन वाट्या घेतल्या.
मी काही सांगितलं नव्हतं.
एक माझ्यापुढे सरकवली
आणि तेलुगूत म्हणाली, बस,
मऊ व्हायला वेळ लागतो.