पाणी उतरताना

अनंत चतुर्दशीच्या झांक्या निघून गेल्या
आणि मग तीन दिवस धो धो.
चौथ्या दिवशी खंडव्याच्या पहिल्या बसने
भेरूघाट उतरले.
पुलाखाली चोरल
गुळाच्या चहासारखी, दूध घालण्याआधीची.
"अबी नी, बई," नानूराम केवट म्हणाला,
"पाणी अबी बोली रियो हे."

म्हणून बसले.

बाबा मीटरगेजने यायचे, कालाकुंडला उतरून चालत.
मिल बंद झाली तेव्हा ते एक्कावन्न वर्षांचे होते.
थकबाकीची तारीख पडायची, मग पुढची तारीख,
तारखेच्या दुसऱ्या दिवशी ते नदीवर.
आईने कधी विचारलं नाही, निकालाचं काय झालं.
बाबा बूट काढतात कसे तेवढं बघायची
आणि उद्यासाठी चिंच भिजत घालायची.

त्यांचं रीळ पितळेचं, महूच्या लिलावातलं,
कुण्या कर्नलच्या सामानातून आलेलं.
त्याने म्हणे थंड देशात, पाऊस ओसरल्यावर,
डोंगरातल्या तळ्यांवर याच रिळाने ट्राउट धरले होते.
बाबांनी ट्राउट पाहिला नव्हता.
पण नाव घ्यायचे अदबीने,
दूरच्या नात्यातल्या जावयाचं घ्यावं तसं,
आणि लगेच गळाला गांडूळ लावायचे.

गढूळ पाण्यात मासा डोळ्यांनी जेवत नाही, बेबी,
नाकाने जेवतो.
म्हणून कणकेत मेथीची पूड, नखभर हिंग.
काठाच्या गवताखाली टाक, मधोमध नको,
मधोमध फक्त झाडं वाहतात.
पाणी चढताना येऊच नये.
उतरायला लागलं की काठावर ओली रेघ सुटते,
ती चार बोटं झाली की मग गळ.

मी काडी रोवून ठेवली होती.
अकरा वाजता दोन बोटं.
नानूरामने बिडी पेटवली, विझली, पुन्हा पेटवली.
पलीकडे एक म्हैस पाण्यात पाय घालून
विचार बदलून माघारी गेली.

दुपारी नदीचा आवाज खाली आला.
रंगही, म्हणजे ताकावर निवळी येते तसा,
आधी कडेकडेने.
मोठ्या दगडामागे, प्रवाह दोन होऊन पुन्हा एक होतो तिथे,
हातभर पाणी नुसतं उभं होतं.
मासा तिथेच असतो,
पावसात रिक्षाची वाट बघणाऱ्या माणसासारखा,
तोंड येणाऱ्या गर्दीकडे.

पहिल्यांदा खेकड्याने आमिष पळवलं.
दुसऱ्यांदा मूळ अडकलं, मी उगाच ओरडले.
तिसऱ्यांदा रीळ किर्र झालं,
पितळ तळहातात गरम.

बाडस होता. वीतभर, फार तर दीड.
ओल्या हातावर हळद सांडावी तसे खवले,
आणि तोंड असं,
जणू त्याला काही हरकत नोंदवायची आहे.
"लेकरू आहे," नानूराम म्हणाला.
मला दिसत होतंच.
गळ काढून त्याला उलट्या प्रवाहात धरलं,
तो माझ्या बोटांत थोडा वेळ उभा राहिला
आणि मग नव्हता.

पैसे आले, बाबा. गेल्या वर्षी.
तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली होती.
तिघा भावंडांत वाटून, वकिलाचे वजा करून,
जे हाती आलं त्याचं दादाने गीझर घेतलं,
अरुंधतीने काय केलं ते सांगत नाही.
मी आठ पौंडी नायलॉन घेतली, शंभर मीटर,
उरलेले बँकेत पडून आहेत.
मिलची झांकी याही वर्षी निघाली,
दिवे भरपूर होते, गर्दीत दिसलं नाही नीट.

चार वाजता ओली रेघ पाच बोटं.
नानूरामने दोन चांगले रोहू काढले होते, एक मला दिला,
पैसे घेईना, मग घेतले.
शेवटच्या बसला अजून तास आहे.
घरी चिंच संपलीय, आमसूल चालेल.
दोरी पाण्यात आहे.