खाते क्रमांक चारशे बारा

वीज, डिझेल, फुलं, कुत्र्यांची लस,
आणि मग चारशे बारा: दंड.
हे खातं मी उघडलेलं नाही.
माझ्या आधीच्या शिरवईकरांनी उघडलं,
निवृत्त होताना कपाटाच्या चाव्या देत म्हणाले,
"दर तिमाहीला येतो. 'आकस्मिक'मध्ये टाकू नका.
आकस्मिक काय आहे त्यात?"

साळ नदीच्या काठावर आमचं रिसॉर्ट.
खोल्या बहात्तर,
मैलापाण्याची टाकी चाळीस खोल्यांपुरती.
नवी टाकी: एक कोटी नव्वद लाख.
दंड: वर्षाला सहा, फार तर सात.
बजेटच्या बैठकीत भागाकार मीच करून दाखवला.
सात धरले तरी सत्तावीस वर्षं.
मालक म्हणाले, "तोवर मी तरी कुठे असेन?"
सगळे हसले. काजूची बशी फिरली.
मीही मूठभर घेतले.

मंडळाचा माणूस येतो, बाटलीत पाणी भरतो.
सज्जन आहे, चहासुद्धा घेत नाही.
मग नोटीस, मग धनादेश, मग पावती;
पावतीला भोक पाडून मी फायलीत ओवतो.
यंदा आठ टक्के वाढवून तरतूद केली,
महागाई काय सगळ्यालाच आहे.
नोटिशीला उशीर झाला तर
मीच फोन लावतो:
साहेब, मार्च जवळ आलाय.

ओहोटीला पिएदाद पाण्यात उतरायची,
कमरेपर्यंत,
पायाच्या बोटांनी चिखलातले खुबे चाचपत,
जशी अंधारात कुणी चप्पल शोधतं.
रविवारचे दोन वाटे मी तिच्याकडूनच घ्यायचो.
परवा दिसली, टोपली पालथी घालून
तिच्यावरच बसलेली.
"खुबे नात रे बाब," म्हणाली,
आणि घोटे दाखवले. लाल, सोललेले.
मी विचारलं, महिन्याला किती सुटायचे?
सवयीनं विचारलं.
तिनं माझ्याकडे बघितलं, थोडं जास्तच वेळ,
आणि म्हणाली, सांगितलं तर लिहिशील कुठे?

आयकरात दंडाची वजावट मिळत नाही.
म्हणून पणजीच्या सल्लागारानं
नाव तेवढं बदलायला सुचवलं.
आता चारशे बारासमोर छापून येतं:
नदी देखभाल.
पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं
आपल्याकडे खरंच कुणीतरी
नदीची देखभाल करतंय.
क्षणभरच. मग बेरीज खाली ओढली.

खुबे आता मडगावच्या बाजारातून आणतो,
बाहेरून आलेले, बर्फातले.
दुप्पट पडतात, चवही तशीच, पाणचट.
बायको म्हणते, मग आणताच कशाला.
मी काही बोलत नाही.
पैसे देतो, सुटे मोजून घेतो,
आणि घरच्या वहीत
किरकोळमध्ये लिहून टाकतो.