पासून, पर्यंत

बेलापूरच्या त्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
साहेबांच्या खुर्चीमागे सागवानी फळा आहे.
अनुक्रमांक, नाव, पासून, पर्यंत.
सातव्या नावापुढची सगळी अक्षरं माझी.
आधीच्या पेंटरची वेलांटी जरा लाडात यायची.

अकरावं नाव लिहिलं तेव्हा तो मागेच उभा होता.
दत्ताराम गजानन मढवी.
घणसोलीचा, आमच्याच आळीतला.
त्या दिवशी त्याला पहिल्यांदा साहेब म्हटलं
आणि ओला ब्रश उगाच टर्पेंटाइनमध्ये बुडवला.
म्हणाला, ढ नीट काढ रे,
ब्राह्मीपासून हे एकच अक्षर बदललं नाही म्हणतात,
म्हणून तर मठ्ठ पोराला ढ म्हणतात.

तो मठ्ठ नव्हता.
बापाचं भाताचं खाचर सरकारनं घेतलं, नोटीस आली,
सहावीतल्या दत्तानं ती ओट्यावर मोठ्यानं वाचली.
‘संपादन’पाशी अडखळला, पुढे गेला.
बाप म्हणाला, ज्यानी ह्या लिवलाय ना, त्यो तू व्हय.

झाला.
शहापूरला नायब. मुरबाडला तहसीलदार.
भिवंडीत रात्री दोनला रॉकेलचा टँकर अडवला,
कपाळावर चार टाके.
मग इथे, साडेबारा टक्क्यांच्या फायलींवर.
पहिलं वर्षभर तो म्हाताऱ्यांना स्वतः उठून खुर्ची द्यायचा,
अंगठा घेण्याआधी कागद वाचून दाखवायचा.

नेमका कधी पालटला, मला सांगता येणार नाही.
पाटीवर ऊन रोज तेवढंच पडतं,
आणि एक दिवस दिसतं की लाल विटकरी झालाय.

मेलेल्यांना वारस फुटू लागले.
बोनकोड्याच्या एका निपुत्रिक म्हातारीला
चार मुलगे निघाले,
चौघांचा पत्ता एकच, सीवूड्समधला.
दत्ताच्या घराची पाटी मी दोनदा लिहिली,
आधी पत्र्यावर, मग सनमायकावर.
तिसरी संगमरवरात कोरायची होती,
ते काम माझं नव्हतं.

बोललो का? नाही.
माझ्याच साडेचार हजारांच्या बिलापायी
तीनशे रुपये खालच्या टेबलावर ठेवून आलो होतो.

त्या दिवशी मी जिन्यात शिडीवर होतो.
‘लाच देणे व घेणे गुन्हा आहे’
जुनंच, त्यावरून नवा हात मारत होतो,
‘घेणे’पर्यंत पोचलो होतो.
पाच जण वर आले. एक म्हणाला, शिडी जरा बाजूला घ्या.
मी घेतली.

दार उघडंच राहिलं.
काचेच्या ग्लासात पाणी, त्यात त्याची बोटं,
आणि पाणी गुलाबी.
चाळीस वर्षं रंग कालवतोय,
इतका स्वच्छ गुलाबी मला कधी साधला नाही.

पन्नास हजार, लोक म्हणाले, एवढ्याशासाठी?
जणू आकडा मोठा असता तर
त्यांना बरं वाटलं असतं.

‘गुन्हा आहे’ तसंच राहिलंय, फिकट.
बिल मंजूर झाल्याशिवाय शिडी लावायची नाही असं ठरवलंय.

बाराव्या ओळीत आता एका बाईंचं नाव आहे.
लिहिताना हेडक्लार्क म्हणाला,
मढवींचा ‘पर्यंत’ कोरा सोड,
निलंबन आहे, प्रकरण चालू आहे,
कुठली तारीख धरायची ते वरून येईल.
म्हणून अकराव्या ओळीला सुरुवात आहे
आणि पुढे चार बोटं काळा रंग.

होळीआधी तो दिसला, खाडीच्या बांधावर,
ओहोटीचा चिखल बघत.
त्यानंच विचारलं, तारीख टाकलीस?
नाही म्हटलं.
मग अजून मीच आहे की तिथे, म्हणाला,
आणि हसला, लहानपणी हसायचा तसंच.
हात मात्र खिशातून काढले नाहीत.