रवणीचा हिशोब

सेलूच्या बाजारातून कवडी आणली, पायाला सुतळी,
अंगभर आडव्या रेघा,
पाटीवर कुणी खडूनं नुसत्या रेघाच ओढत बसावं तशी.
विकणारी बाई म्हणाली, अंड्यावर आहे.
एवढंच म्हणाली.
घरी आमचा तांबडा होताच.

विश्वंभर, थोरल्या दिराचा, परभणीला शिकतो.
सुट्टीत आला अन् वहीत चौकोन पाडून बसला.
"काकू, सगळी पिल्लं काळी निघणार.
डोक्यावर पांढरा ठिपका, तो नर. ठिपका नाही, ती मादी.
आईच्या रेघा लेकांना जातात, लेकी बापावर."
"कामून?" म्हणलं.
तो कामून ते सांगत बसला,
माझं दूध उतू गेलं.

मातृमुखी लेक, पितृमुखी लेक,
हे तर आमच्याकडं पाळण्यापाशीच म्हणतात,
चौकोनाशिवाय.

कवडीची जात रवणीला बसणारी नाही.
तिची तेरा अंडी काळ्या गावरानीखाली ठेवली.
टोपल्यात भुसकट, भुसकटात खिळा अन् कोळसा,
वीज कडाडली तर आतला जीव दचकू नये म्हणून.
तेराव्यासाठी गावरानीला जरा फाकून बसावं लागलं.

एकविसाव्या दिवशी उजाडता उजाडता
टोपल्यातून चिवचिव.
अकरा निघाली. सगळी काळी.
पाच ठिपक्याची, सहा बिनठिपक्याची.
विश्वंभर नाचायचा तेवढा बाकी होता.

मग गावरान जरा उठली,
तर दोघांच्या माना उघड्या.
गुलाबी, लवसुद्धा नाही,
गळपट्टा काढून ठेवल्यासारख्या.

आमच्या गल्लीत उघड्या मानेचा कोंबडाच नाही.
मालक चार घरी जाऊन बघून आले.

विश्वंभरनं वही उलटीसुलटी केली,
सरांना फोन लावला, बराच वेळ हं हं केलं.
मग हळूच म्हणाला,
"कोंबडी आधीच्या कोंबड्याचं बीज
पंधरा-पंधरा दिवस पोटात जपून ठेवते, काकू.
मी ते धरलंच नव्हतं."

त्या बाईचं अंगण आम्ही कुणी पाहिलेलं नाही.
पण तिथं एक उघड्या मानेचा आहे
हे दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीला ठाऊक.

गल्लीला असलं लवकर कळतं.
मोहतूर लावून मी या घरात आले
तेव्हा शिवकन्या दीड वर्षाची, कडेवर.
नाक त्याचं, कपाळ त्याचं,
हसली की डाव्या गालाला खळी, तीही.
बायका लेकराकडं बघायच्या, मग मालकांकडं,
मग पुन्हा लेकराकडं.
वही कुणी काढली नाही. तोंडीच हिशोब.

शिवकन्यानं उघड्या मानेचं एक उचललं,
फ्रॉकच्या घोळात धरलं.
"याला थंडी वाजत असंल."

विश्वंभर रबर शोधत होता.
मालक म्हणाले, "खोडायलास कामून?
राहू दे. बाजूला एक रकाना आख."
मग पेन्सिल त्यांनीच घेतली.
त्यांचं अक्षर मोठं, चौथीपर्यंतचं, ओळीबाहेर जाणारं.
वर लिहिलं, सोबत आलेली.
खाली, दोन.
अन् माझ्याकडं न बघता
तांबड्याला दाणे टाकायला गेले.

कवडी तिकडं उकिरड्यावर उकरत होती.
आज तिनं अंडं दिलेलं नव्हतं.