बगळे

दारोदारी जोडपी उभी होती,
कलश, नारळ, लिंबू घेऊन,
"अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ" म्हणत.
आज मनात कोणता नेम धरून निघालाय
कुणाला ठाऊक!
पाटलाचं दार ओलांडलं, शिक्षकांचं ओलांडलं,
थांबला तो माझ्यापुढं.
भरमू.
म्हणजे महाराज.

मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध,
आहारजल शुद्ध, म्हणाले मी
आणि बोटं पदरात घेतली.
पहाटे कच्च्या टोमॅटोनं तीनदा घासलेली,
तरी तंबाखूचा चिक नखांच्या कोपऱ्यात राहतोच.

तो उभा राहून ओंजळीत जेवतो.
शास्त्रात तसं लिहिलंय म्हणतात.
असेल.
मला दिसतं ते दूधगंगेकाठचं खुडणीचं शेत,
आम्ही पोरं कोपरापर्यंत काळी,
हात लागला की भाकरी कडू.
म्हणून आई आमच्या ओंजळीत
पळसाचं पान ठेवायची, वरून आंबील.
बसायला वेळ नसायचा. आप्पा कानडीतनं ओरडायचे,
आई मराठीत म्हणायची, सावकाश पी.

त्याच शेतात एकदा
दौलतबीच्या ओटीत जोंधळ्याची कणसं दिसली.
चार होती की पाच.
मी आईचा हात ओढला, बघ म्हणून.
आईनं तोंड वळवलं नदीकडं,
मोठ्यानं विचारलं,
"भरमू, त्या बाभळीवर बगळे किती रे?"
तो मोजायला लागला. खरंच मोजायला लागला,
दौलतबी बांध ओलांडून दिसेनाशी झाली
तरी मोजतच होता.

काल रात्री प्रवचन झालं,
अर्धं कानडीत, अर्धं मराठीत,
व्यसनावर.
आमच्या चार एकरांचं नाव निघालं नाही.
माझी मान मात्र वर झाली नाही.

आहार झाला. पाटावर टेकला,
मोरपिसांची पिंछी मांडीशी.
"यंदा मळ्यात काय लावलंय?"
सोयाबीन, महाराज.
घडीभरापूर्वी वचन शुद्ध म्हणालेलं
हेच तोंड.

त्यानं बघितलं.
आधी माझ्याकडं, मग नखांकडं.
गल्लीभर माणसं दारात दाटलेली,
सगळ्यांचे कान इकडं.

मग त्यानं तोंड वळवलं नदीकडं.
"ताई," म्हणाला,
वीस वर्षांत पहिल्यांदा,
"बाभळ आहे का गं अजून?
बगळे किती बसतात हल्ली?"